आवाजदाता

दुपारी चारच्या सुमारास वृषाली सुतार चहाचं आधण ठेवायची आणि थोड्याच वेळात दारावरचा दिवा लुकलुकायचा. बेल ऐकू येत नाही म्हणून ओवीने, तिच्या लेकीने, बेलच्या जागी हा दिवा बसवून घेतला होता. दारात दोघे उभे असायचे. पुढे रशीद मुल्ला, कबड्डीचे निवृत्त पंच, पायात पांढरे बूट आणि गळ्यात अजूनही शिट्टी. मागे सतरा वर्षांचा आरुष, काढलेल्या चपला उगीचच पुन्हा पुन्हा सरळ लावणारा. त्या घरातली बेल ज्याच्यामुळे मुकी झाली तो मुलगा हाच.

तिघे चहा घ्यायचे. मग मुल्लासर पेपर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. वृषाली डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवायची. हा चष्मा समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरांत उमटवायचा, पण त्यात राग, लाड, टोमणा सगळं एकाच चेहऱ्याने यायचं, आणि तिला त्याचा मनस्वी कंटाळा होता. चष्मा काढला की ती कानामागचं रुपयाएवढं बटण चाचपून सुरू करायची आणि आरुषला म्हणायची, "बोल."

आरुष तासभर बोलायचा. आईने डब्यात काय दिलं, मैदानावर कोण पडलं, गल्लीतल्या कुत्रीला किती पिल्लं झाली. प्रत्येक वाक्यानंतर वृषाली जे ऐकू आलं ते म्हणून दाखवायची. बरोबर असेल तर आरुष मान हलवायचा, चूक असेल तर तेच पुन्हा म्हणायचा. सुरुवातीला तिला नुसती पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर यायची. मग खरखरीतून एखादं 'आई', एखादं 'नाही' वर येऊ लागलं. एके दिवशी ती म्हणाली, "कुत्रीला चार पिल्लं झाली, त्यातलं एक काळं," आणि मुल्लासरांच्या हातातला पेपर खाली आला.

हे सगळं ज्या दिवसामुळे घडलं तो दिवस कराडच्या स्टँडवरचा. बसगाड्यांतून चालक जाऊन काही वर्षं झाली होती, गाड्या आपल्या आपण चालायच्या. कंडक्टर मात्र ठेवावाच लागला, कारण प्रवाशांना भांडायला कुणीतरी माणूस हवा, असं वृषाली हसून सांगायची. घंटीची दोरीही तशीच ठेवली होती. एक घंटी दिली की गाडी थांबायची, दोन दिल्या की निघायची. विट्याची गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली आणि मागून एक पोरगा ओरडला, "ओ, गाडी थांबवा." वृषालीने नियमाप्रमाणे सांगितलं, पुढच्या थांब्यावर उतर. तो पुन्हा ओरडला, पुढे धावत आला आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं. तिचं डोकं लोखंडी दांड्यावर आपटलं. कानांमागची हाडं दोन्ही बाजूंनी तडकली आणि आतल्या नसा तुटल्या. तिने ऐकलेला शेवटचा आवाज त्या पोराचा होता.

आरुषचा हा पहिलाच पराक्रम नव्हता. त्याआधी शाळेत त्याने एकाचे दात पाडले होते, दुसऱ्याचा हात मोडला होता. बाल न्याय मंडळापुढे दोन वाटा होत्या. एक सुधारगृहाची आणि दुसरी समेटाची. समेटात मुलाला एक 'सोबती' मिळायचा, म्हणजे रोज त्याच्या मागे राहणारा, त्याचं ऐकून घेणारा आणि वेळप्रसंगी त्याचा कान धरणारा मोठा माणूस. पण समेटाला दुखावलेल्या माणसाचा होकार लागतो आणि वृषालीने सरळ नकार दिला होता. तिचं काय चुकलं? तिला त्या मुलाचं तोंडही बघायचं नव्हतं.

तिचं मन वळवलं ते डॉक्टर ऋता केळुसकरांच्या एका अडचणीने. नसाच तुटल्यामुळे कानात बसवायच्या यंत्राचा तिला उपयोग नव्हता. म्हणून डॉक्टरांनी नखाएवढी पातळ चकती थेट मेंदूच्या ऐकण्याच्या जागी ठेवली होती. त्या चकतीला डॉक्टर श्रवणसेतू म्हणत. कानामागच्या बटणाने टिपलेल्या आवाजाचे सेतू विजेचे ठोके करून मेंदूला देतो, पण त्या ठोक्यांचा अर्थ मेंदूला नव्याने शिकावा लागतो आणि शिकवायला कुणीतरी रोज समोर बसून बोलावं लागतं. त्या माणसाला आवाजदाता म्हणायचं. आधी ओवी बसली. पण लेकीचे ओठ हलायचा अवकाश, आई ती काय म्हणणार हे आठवणीनेच ओळखायची. मेंदू अंदाज बांधून मोकळा व्हायचा, शिकायचं काहीच नाही. मग एक अनोळखी बाई बसवली, मग यंत्राचा आवाज लावून पाहिला. दोन्ही वेळा मेंदू चक्क झोपी गेला.

"आपल्याला असा आवाज हवाय, की तो काय बोलेल हे तुम्हाला ठाऊक नाही आणि तरी तुमचं लक्ष हटत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

वृषालीने कानामागच्या बटणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "असा एकच आहे."

त्या रात्री ओवी तिच्याशी बोलली नाही. सकाळी चष्म्याच्या काचेवर अक्षरं उमटली, "माझ्याआधी तुला त्याचा आवाज ऐकू येणार?" त्या अक्षरांना सूर नव्हता, तरी वृषालीला तो कळला. ती म्हणाली, "त्याच्याच पुलावरनं तुझ्याकडं यायचंय गं मला."

समेटाच्या बैठकीत आरुष मान खाली घालून एवढंच म्हणाला, "माझं चुकलं." सोबती म्हणून मिळालेल्या मुल्लासरांनीच त्याला तसं शिकवलं होतं. माफी मागताना 'पण' घालायचा नाही. 'चुकलं, पण तिनेही' असं म्हटलं की माफी पातळ होते. सगळ्या सोबत्यांचा हा नियम होता आणि मुल्लासर नियमाचे पक्के होते. बैठक संपल्यावर त्यांनी आरुषच्या पाठीवर थाप मारली. "आता राग आला की आधी आवाज खाली आणायचा. आवाज खाली आला की हात आपोआप खाली येतो. आणि अगदीच राहवलं नाही तर तो राग माझ्याकडं ठेवायला दे. जाताना परत नेलास तरी चालेल."

आरुषने ते इतकं मनावर घेतलं की महिन्याभरात तो कुजबुजल्यासारखा बोलू लागला. घरात भांडी पडली तरी याचा आवाज चढेना. त्याच्या आईने मुल्लासरांना फोन करून सांगितलं, "सर, तुमचे उपकार कसे फेडू तेच कळंना. पोरगं माणसात आलं."

आणि नेमकी तिथेच पंचाईत झाली.

गणपती होऊन गेले होते. वृषालीला आता शांत खोलीतलं बहुतेक बोलणं कळायचं. ओवीचाही आवाज ओळखू येऊ लागला होता, दुरून, जरासा घोगरा. पण कामावर परत जायचं तर चाचणी होती, गाडीच्या मागच्या दारातून ओरडलेलं पुढे ऐकू यायला हवं. सेतू मात्र मोठा आवाज आला की मेंदूला इजा नको म्हणून स्वतःहून मिटायचा. त्याला उघडं राहायला शिकवायचं तर ओळखीच्या आवाजाने समोर बसून ओरडायला हवं होतं. आणि मेंदूची ही शिकण्याची ओल फार दिवस टिकत नाही. दिवाळीच्या आत झालं तर झालं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"नाही जमायचं," आरुष म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वृषालीने दोन्ही दिवस तीन कप चहा टाकला आणि दोन्ही दिवस दारावरच्या दिव्याकडे बघत राहिली. आपण या पोराची वाट बघतोय, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

मुल्लासरांना तो मैदानाच्या कडेला सापडला, रोलरवर बसलेला.

"काय हिरो, जेवलास का?"

"सर, तुम्हीच म्हणाला होता, आवाज खाली आणायचा."

"म्हणालो होतो."

"माझा आवाज चढला की हात मागनं येत नाही. बरोबरच येतो. परत तसंच झालं तर? समोर त्याच बसलेल्या असणार."

मुल्लासर त्याच्याशेजारी बसले. इतकी वर्षं त्यांनी भल्याभल्यांना एका शिट्टीत बाहेर बसवलं होतं, पण आत्ता ते गळ्यातली शिट्टी नुसती बोटांत फिरवत राहिले. "आरुष," ते शेवटी म्हणाले, "मी तुला शिट्टी कुठं वाजवायची ते शिकवत होतो. खेळायचंच नाही असं तू समजलास, ही माझी चूक. ओरडणं हा गुन्हा न्हाई रे. त्या बाई ओरडणं ऐकायलाच बसल्यात."

"आणि हात?"

"ते त्यांनाच विचारू."

दुसऱ्या दिवशी दिवा लुकलुकला. वृषालीने दार उघडलं आणि काही न विचारता आधणात दोन कप पाणी वाढवलं. चहा झाल्यावर आरुषने हातांचं सांगितलं. सांगताना त्याने ते मांडीखाली दाबून धरले होते. वृषालीने खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे केले.

"इकडं दे. मी धरते. तिकिटं फाडून फाडून घट्ट झालेत, सुटायचे न्हाईत."

त्याने हात दिले. तिची बोटं गार पडली होती. भीती तिलाही होती, आणि तिने ती लपवली नाही.

"काय ओरडू?"

"त्या दिवशी ओरडलास तेच."

आरुषने मुल्लासरांकडे पाहिलं. मुल्लासरांनी मान हलवली. त्याने श्वास घेतला आणि हळूच म्हटलं, "गाडी थांबवा."

"हे कळलं. मोठ्यानं."

"गाडी थांबवा."

"अजून."

तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फुटला. कित्येक महिने दाबून ठेवलेला सगळा आवाज एकदम बाहेर आला. "गाडी थांबवा! ओ बाई, थांबवा की! माझी बहीण खाली राहिलीय!"

वृषालीच्या डोक्यात कळ गेली, सेतू क्षणभर मिटला आणि पुन्हा उघडला. तिच्या हातांतले हात होते तिथेच होते. रीत म्हणून तिने ऐकलेलं म्हणून दाखवायला सुरुवात केली. "गाडी थांबवा. ओ बाई, थांबवा की. माझी बहीण..." आणि ती थांबली. "माझी बहीण खाली राहिलीय?"

आरुषने मान हलवली. बरोबर.

"किती वर्षांची?"

"सहा. तिचा हात सुटला गर्दीत. मी चढलो, ती खालीच. नंतर सापडली, वडेवाल्या मावशीकडं बसलेली."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तोंडातनं तेवढंच निघालं, थांबवा म्हणून. आणि नंतर," तो पुन्हा कुजबुजू लागला, "माफीत 'पण' घालायचा नसतो."

कोपऱ्यात मुल्लासरांनी पेपराची घडी घातली आणि ती गुडघ्यावर धरून बसून राहिले. आपला नियम चुकीचा होता की अर्धा होता, हे त्यांना ठरवता येईना.

"मीही विचारलं नाही," वृषाली म्हणाली. "एक शब्द विचारला असता." तिने हात सोडले नव्हते. "तरी तू ढकलायला नको होतंस."

"नको होतं."

"बास. आता परत ओरड. माझी चाचणी आहे."

चाचणी ती पास झाली. कागद हातात आल्यावर ती आधी मैदानावर गेली. आरुष मुल्लासरांच्या हाताखाली पंचाची उमेदवारी करू लागला होता, आणि निकाल न पटून अंगावर आलेल्या पोरांना खणखणीत आवाजात रेषेबाहेर काढत होता. तो आवाज तिला फाटकापासूनच ऐकू आला. तिने पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात दिला, पण जे बोलायचं ठरवलं होतं ते तिला बोलता आलं नाही. जो घेतो तोच परत देतो, तेव्हा त्याचे आभार मानायचे ते कसे? तिला त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटत होती, अगदी पोटातून वाटत होती, आणि कानामागे तडकलेल्या हाडाचा उंचवटाही तसाच होता. आरुषने पेढा अर्धा करून तिच्यापुढे धरला. "मावशी, तुम्ही समेटाला आला नसता तर मी आत असतो," तो म्हणाला. तो तिला मॅडमऐवजी मावशी कधीपासून म्हणू लागला, हे दोघांनाही आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती आणि ती खरी ठरली. मेंदूने ऐकण्याची सगळी इमारत एका आवाजाच्या पायावर उभी केली होती, त्यामुळे बाकीच्या आवाजांत त्याची छटा जन्मभर राहणार होती. ओवी हसली की त्या हसण्याच्या तळाशी आरुष असायचा. ओवीला हे सांगावं की नाही, हे वृषालीने अजून ठरवलेलं नव्हतं. आणि कुणीही पुरुष मोठ्याने बोलला, की तो तिला आरुषच वाटायचा.

दिवाळीनंतर ती विट्याच्या गाडीवर परत गेली. गाडी गच्च भरलेली होती. तिने दोन घंट्या दिल्या, गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि मागून कुणीतरी जोरात ओरडलं, "ओ, गाडी थांबवा."

आवाज आरुषचा होता. तिचा हात आपसूक लोखंडी दांड्याकडे गेला. तिने वळून पाहिलं. मागच्या दाराशी एक अनोळखी, दांडगा माणूस लालबुंद चेहऱ्याने गर्दीतून वाट काढत तिच्याच दिशेने येत होता.

दांडा सोडून वृषालीने दोरी एकदा ओढली. गाडी थांबली. मग ती स्वतःच दोन पावलं पुढे गेली आणि त्याला विचारलं, "काय झालं, भाऊ? कोण राहिलंय मागं?"