कापलेल्या भूमिकेचा झगा

प्रयोग संपला की प्रेक्षक घरी जातात आणि कपडेपटात घाम तपासायची वेळ होते. एकेक पोशाख उलटा करायचा, कॉलरवरून आणि काखेतून हात फिरवायचा. ओला असेल तो पंख्याखालच्या दोरीवर, कोरडा तो खुंटीला. कपडेपट सांभाळणाऱ्या ताईचा हात या कामात असा बसला होता की कोणी जीव ओतला आणि कोणी नुसत्या पाट्या टाकल्या, हे तिला कापडावरून कळायचं. ‘समीक्षक परवडले, पण ताई नको,’ असं नटमंडळी म्हणत.

त्या वर्षी कंपनीने एक जुनं सूडनाटक काढलं होतं. म्हाताऱ्या बापाच्या तरण्या मुलाचा खून होतो. न्याय मागावा तर दरबारात खुन्याचीच वट. मग बाप वेड पांघरतो, दरबारातच एक नाटक बसवतो आणि त्यात खोट्या खंजिराच्या जागी खरा आणून खुन्याच्या छातीत खुपसतो. मूळ संहितेत मेलेल्या मुलाचं भूत कोपऱ्यात बसून हे सगळं बघत असतं. दिग्दर्शकाने ते कापलं. "भुताला आता कोण भितं? उगाच एक नट अडकतो."

पण भुताचा राखाडी झगा शिवून झाला होता, आणि शिवलेलं टाकून देणं ताईच्या रक्तात नव्हतं. तिने तो कोपऱ्यातल्या खुंटीला अडकवला. पहिल्या प्रयोगानंतर सवयीने तिचा हात त्याच्यावरूनही फिरला.

झगा ओला होता.

तिने छत पाहिलं. कुठे गळत नव्हतं. "कोणी घातला होता रे हा?" तिने विचारलं, तर सगळे हसले. दुसऱ्या प्रयोगाला तिने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. झगा पुन्हा ओला, आणि या खेपेला ऊबही होती, नुकताच कोणी अंगातून काढावा तशी. डावी काख उजवीपेक्षा जास्त भिजली होती.

ताईने झग्याची डावी बाही मुठीत धरली. तिचा धाकटा भाऊ डावखुरा होता.

आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. कंपनीत तो लहानसहान भूमिका करायचा आणि उरलेल्या वेळात तिच्याशेजारी बसून बटणं लावायचा. त्याचा टाका सगळ्यांच्या उलट्या बाजूला कलायचा. "तुझं सगळंच उफराटं!" म्हणून ती चिडवायची. दोन वर्षांपूर्वी, याच रंगमंचावर, दोन प्रवेशांमधल्या अंधारात त्याचा पाय जमिनीतल्या झडपेवर पडला, झडप उघडली आणि खाली पडून तो जागीच गेला. खालून शेवटी वर येईल त्याने झडपेची कडी लावायची, असा कंपनीचा रिवाज. त्या दिवशी शेवटी वर आले होते राजे. राजाच्या भूमिका करून करून मुख्य नटाला हेच नाव पडलं होतं. कोणी त्यांना काही विचारलं नाही. अपघात म्हणून विषय मिटला.

आता राजे या नाटकात खुनी झाले होते.

ताई रोज विंगेतून नाटक बघत होती. भूत येतं ते सूड मागायला, एवढं तिला त्यातून पक्कं कळलं होतं. झग्याला उराशी धरून ती रडली, पण त्याला काही विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही.

शेवटच्या अंकात राजांच्या अंगात जो कोट असे, त्याच्या छातीत अस्तराखाली लोखंडी पत्रा शिवलेला होता. खंजिराचं पातं मुठीत सरकायचं, पण हल्ली स्प्रिंग अडकत होती. "पत्रा आहे ना, मग कशाला घोर?" असं म्हणून सामानवाला ते दुरुस्तीचं पुढे ढकलत होता. आणि बापाचं काम करणारा नट घाव घालायचा तो मनापासून.

रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी ताईने अस्तर उसवलं, पत्रा काढून खणात टाकला आणि जागी पुठ्ठा घालून टाके मारले. मग कुलूप लावून चहाला गेली.

शेवटच्या अंकाआधी राजे आले. तिने कोट पुढे धरला. तो हाताला जड लागला. हातच गळाले असतील, असं तिने मनाशी म्हटलं.

ती कोटाचे आकडे लावत असताना राजे आरशाकडे न बघता म्हणाले, "ताई, ती कडी मी लावली नव्हती."

तिचा हात थांबला.

"विसरलो गं. घाईत होतो, विसरलो. दुसरं काही नाही. तुला सांगायचं म्हणून रोज या खोलीशी येतो आणि रोज परत जातो. तो माझ्यासाठी गरम पाणी आणून ठेवायचा, माहितीये?" ते तिच्याकडे वळले. "तुला वाटेल ती शिक्षा दे मला."

दोन वर्षं तिने मनात एक खुनी पोसला होता. समोर उभा होता तो एक विसराळू, थकलेला माणूस.

"राजे, तो कोट..." ती म्हणाली. एवढ्यात घंटा झाली. राजे गेले.

ती धावली. विंगेत पोचली तेव्हा म्हाताऱ्या बापाचा हात वर होता.

खंजीर खाली आला. पातं सरकलं नाही.

खण्णकन आवाज झाला. राजे कोसळले. पडदा पडला.

आणि राजे गुडघे चोळत उठले. "जरा हळू मार की रे, बाबा!"

कपडेपटात तिने तो कोट उलटा केला. अस्तराखाली पत्रा होता. टाके बारीक, नीटस, आणि सगळेच्या सगळे उलट्या बाजूला कललेले. तिने खण उघडला. आत पुठ्ठा होता.

म्हणजे तो सूड मागायला नव्हे, यासाठी येत होता. आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं, बाळा, तुला काय हवंय?

त्यानंतर झगा कधीच ओला झाला नाही. ती अजूनही प्रत्येक प्रयोगानंतर हात फिरवून बघते.

पण त्या दुपारी तो शेवटचा भिजलेला होता. काम झालं की सुई कॉलरला टोचून ठेवायची, असं तिने भावाला शिकवलं होतं. झग्याच्या कॉलरला सुई होती. तिच्यात ओवलेल्या दोऱ्याचं टोक, कोणीतरी ओवताना ओठांत धरून ओलं केलेलं, अजून वाळलं नव्हतं.