सतरा नंबरची खुर्ची

मंगरूळपीरच्या जानरावनं १९७४ साली अकोल्याच्या बाजारातून घडीच्या एक्कावन्न लोखंडी खुर्च्या आणल्या. जुन्याच, पण भाड्यानं द्यायला बऱ्या. लग्नाकार्यात सगळ्यांच्या खुर्च्या एकमेकींत मिसळतात, म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर त्यानं पांढऱ्या रंगानं नंबर घातला. एका नंबरची एकच खुर्ची, असा बाणा. पण मधेच तो चहाला उठला आणि आल्यावर सतरा पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको रुख्मिणी अंगणात एका सतरावर तांदूळ निवडत बसली. शेजारचा ग्यानबा दुसऱ्या सतरावर टेकला, विडी ओढली आणि उठायला गेला, तर उठवेना. जानरावनं ओढलं तसा ग्यानबा खुर्चीसकट पुढं आला. इतक्यात दूध उतू गेलं म्हणून रुख्मिणी धावली, आणि ग्यानबा सुटून तोंडावर आपटला.

बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातून देव आणि भुतं दोन्ही गेली, असं जानराव ऐटीत सांगे. त्यानं बायकोला पुन्हा बसवलं, स्वतः दुसऱ्या खुर्चीवर बसला, आणि अडकला. मग दोन्ही पाठी पाहिल्या. एकीचा सतरा रॉकेलनं पुसून त्यानं एक्कावन्न घातला. कटकट मिटली.

पुढच्या महिन्यात किन्हीराजाचे शेषराव आपल्या मुलासाठी जानरावच्या भागिरथेला पाहायला आले. मुलगा पोस्टात नोकरीला. लेकीला असं स्थळ पुन्हा मिळणार नाही, म्हणून जानरावचा जीव टांगणीला लागलेला. शेषराव म्हणजे काडीपैलवान. ते सतरावर बसले, पोहे खाल्ले, पोरगी पसंत केली. एसटीची वेळ झाली म्हणून उठायला गेले.

उठवेना.

"पसंत म्हटलं नं आमी? मंग काहून धरून ठेवून राह्यले?"

आधी ते हसले. मग हसले नाहीत. जुळलेलं लग्न मोडतं की काय, या धास्तीनं जानराव कोठीत धावला. एक्कावन्न घडी घालून भिंतीला टेकलेली होती.

त्यानं रॉकेलची चिंधी आणून सतरा खसाखसा घासला. रंग निघाला.

खाली लोखंडात सतराच कोरलेला होता. जुना, आधीच्या कोणा मालकाच्या हातचा.

"जानरावजी," शेषराव हळूच म्हणाले, "माह्या मांडीवर कोणी बसलं काय?"

जानरावनं वाकून पाहिलं. खुर्चीचे चारही पाय सारवलेल्या अंगणात हळूहळू रुतत होते.