नगराध्यक्षांच्या पाट्या आणि वेंडेलमामाची शेपटी

“ऑटिस, केस सरळ चिकटव! गाडी आहे ती, तुझं डोकं नाही!” मारेन धाकट्या भावावर ओरडली.

वेंडेलमामाच्या जुन्या निळ्या गाडीला सकाळपासून दोनशे चौदा केस लागले होते. केस म्हणजे लाल लोकरीचे वीतभर धागे. गाडी धावू लागली की जिथे धागे शहाण्यासारखे मागे झोपतात, तिथे वारा नीट सरकतो. जिथे ते पिसाळल्यासारखे नाचतात, तिथे वारा गाडीला मागे ओढतो आणि पेट्रोल फुकट जातं. हे मामाचं शास्त्र. त्या शास्त्रापायी गाडीच्या चाकांवर पिझ्झाच्या ॲल्युमिनियमच्या थाळ्या बसल्या होत्या, पुढची जाळी फोमने बुजली होती, आणि मागे चार फुटांची निमुळती शेपटी आली होती. शेपटी आणि गाडीचं पोट झाकणारं आवरण, दोन्ही पोकळ प्लॅस्टिकच्या हलक्या पाट्यांची होती. मामीने त्या दिवसापासून पिझ्झा केला नव्हता. थाळ्याच नव्हत्या.

“शनिवारी जिंकायचंच!” मामा म्हणाला. त्याने बूटसुद्धा काढून ठेवले होते. तेवढंच वजन कमी.

शनिवारी टिंबर फोर्कच्या जत्रेत एका गॅलनची शर्यत होती. प्रत्येकाला मोजून एक गॅलन पेट्रोल. ज्याची गाडी सगळ्यात लांब जाईल तो जिंकला. गेली तीन वर्षं मामा दुसरा येत होता. पहिल्या यायच्या त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या मिस ओपल. त्यांना वाऱ्याचं शास्त्र वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्या जन्मात कधी ताशी तीस मैलांच्या वर गेल्याच नव्हत्या.

इतक्यात अंगणात पोलिसांची गाडी शिरली. तिच्यातून डेप्युटी ब्रॉक आणि नगराध्यक्ष ग्रुबर उतरले. ग्रुबर जत्रेच्या समितीचेही अध्यक्ष होते.

“माझ्या प्रचाराच्या एक्क्याण्णव पाट्या चोरीला गेल्यात!” ग्रुबर गरजले. “नोव्हेंबरात निवडणूक आहे, आणि गावात माझं नाव औषधालाही उरलं नाही! ब्रॉक, त्या गाडीखाली बघा!”

ब्रॉक उताणे होऊन गाडीखाली सरकले. फक्त त्यांचे बूट बाहेर राहिले.

“साहेब,” आतून आवाज आला, “तुम्ही इथे आहात. हसताय.”

“अहो, त्या मागच्या निवडणुकीच्या पाट्या!” मामा कळवळला. “तुम्हीच कचऱ्यात टाकल्या होत्या!”

“कशावरून जुन्या? फोटो तर हाच आहे!”

“बारा वर्षं हाच आहे,” ब्रॉक गाडीखालून म्हणाले. “तेव्हा केस होते तुम्हाला.”

ग्रुबर लालबुंद झाले. “चोर सापडेपर्यंत ही गाडी शर्यतीत उतरणार नाही! संपला विषय!”

ते गेल्यावर मामा पायरीवर बसला. त्याने गुपचूप बूट घातले. मारेनला ते बघवेना. तीन वर्षं हा माणूस उन्हाळ्यात एसी बंद ठेवून, काचा वर करून, घामाच्या धारांत गाडी चालवत होता. गाडीत मुलांना ‘जरा हळू श्वास घ्या रे’ म्हणत होता. आणि आता चोर?

“आज बुधवार,” शेजारची रोसाल्बा म्हणाली. “म्हणजे दोन दिवस आहेत. उंदीर पकडायचा तर पनीर लावावं लागतं.”

“चोर पनीर खातो?” ऑटिसने विचारलं.

“पाट्या खातो, गाढवा!”

मामाकडच्या उरलेल्या पाट्यांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी रंगाने लिहिलं, ‘पिकलला मत द्या! चावत नाही!’ पिकल म्हणजे ऑटिसचा कुत्रा. तो चावायचा, पण निवडणुकीत एवढं चालतं, असं ऑटिसचं म्हणणं पडलं. एक पाटी लायब्ररीच्या हिरवळीवर रोवली, एक मिस ओपल यांच्या अंगणात, आणि एक हमरस्त्याच्या कडेच्या चरात.

गुरुवारी संध्याकाळी तिघं सायकलींवरून बघायला निघाली. लायब्ररीची पाटी जागेवर. मिस ओपल यांचीही जागेवर. वर त्यांनी तिला रिबीन बांधली होती. चरातली मात्र गायब!

“गेली! गेली!” ऑटिस नाचायला लागला.

मारेन वाकून बघत होती. “काल इथे गुडघाभर गवत होतं. आज बघा!”

चर ताज्या हजामतीसारखा गुळगुळीत होता.

“पाटी चोरून वर गवतही कापून गेला?” ऑटिस म्हणाला. “सभ्य घरातला दिसतोय.”

“गवत कोण कापतं रे गावात?” मारेनने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “ऑरव्हिलकाका!”

नगरपालिकेच्या ट्रॅक्टर शेडमध्ये ऑरव्हिलकाका अंड्याचं सँडविच खात बसले होते. त्यांच्या मागे भिंतीला एक्क्याण्णव ग्रुबर ओळीने हसत उभे होते. शेवटी पिकल.

“काका! तुम्ही चोर?”

“चोर? मी?” काकांना ठसका लागला. “माझ्याकडे कागद आहे!” त्यांनी खिळ्याला अडकवलेला कागद काढून दिला. ‘जत्रेपूर्वी चरांतील सर्व वस्तू काढून गवत कापावे. वस्तू पुढील सूचनेपर्यंत शेडमध्ये ठेवाव्यात.’ खाली मोठी, ऐटदार सही.

“मग पुढची सूचना?” रोसाल्बाने विचारलं.

“वाट बघतोय. तीन आठवडे झाले.”

मारेनने सही पाहिली आणि ती गालातल्या गालात हसली. “काका, हा कागद शनिवारपर्यंत द्याल?”

शनिवारी सकाळी जत्रेत ग्रुबर माइकसमोर उभे राहिले, तशी मारेन मंचावर चढली.

“साहेब, पाट्यांचा चोर सापडला! त्याची सहीसुद्धा मिळाली. पण आधी सांगा, त्याला शिक्षा काय?”

“शाबास!” ग्रुबर माइकमध्ये गरजले. “त्याने सगळ्या पाट्या स्वतःच्या हातांनी परत रोवाव्यात! आणि वेंडेलची जाहीर माफी मागावी!”

मारेनने कागद पुढे केला. ग्रुबरनी वाचला. उलटा करून पाहिला. पुन्हा वाचला.

“साहेब, सही ओळखीची वाटते का?” मारेनने नम्रपणे विचारलं.

माइक चालूच होता, त्यामुळे त्यांचं “अरे देवा, मी वाचतो कुठे!” शेवटच्या रांगेतल्या डुकरांच्या गोठ्यापर्यंत ऐकू गेलं.

त्यांनी माफी मागितली आणि पाट्या स्वतः रोवायचंही कबूल केलं. दुपारी मामाची गाडी लाल केस उडवत शर्यतीला सुटली आणि अडुसष्ट मैल सातशे यार्ड जाऊन थांबली. मिस ओपल यांची सदुसष्ट मैलांवर थांबली.

“बदकांना रस्ता दिला, म्हणून!” त्या म्हणाल्या, पण त्यांनीच मामाला सगळ्यात आधी मिठी मारली. ब्रॉकनी तिन्ही मुलांना सलाम ठोकला. “माझ्याआधी तुम्ही शोधलंत, पोरांनो. मी नुसता गाडीखाली पडून राहिलो.”

मामा पुढे आला. तो अनवाणीच होता. त्याने बक्षिसाची फीत गाडीऐवजी मारेनच्या गळ्यात घातली.

नोव्हेंबरात ग्रुबर नऊ मतांनी निवडून आले. मतपत्रिकेवर मोकळ्या ओळीत हाताने नाव लिहिता येतं. तसं लिहून पिकलला अकरा मतं पडली. दुसऱ्याच दिवशी ऑरव्हिलकाकांनी ट्रॅक्टरमधून एक्क्याण्णव पाट्या मामाच्या दारात आणून टाकल्या. सोबत चिठ्ठी होती. ‘नव्या शेपटीसाठी. ता. क. ही सही मी वाचून केली आहे. ग्रुबर.’

मामाने गाडीचं पोट नवीन केलं. चेहरे सगळे खालच्या बाजूला आले. अशा रीतीने टिंबर फोर्कच्या नगराध्यक्षांनी गावातले रस्ते पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले.