मागच्या सीटवरचा

सकाळी नात कामाला निघाली, तेव्हा मी दारातच चहा गाळत बसले होते. ती लोकांच्या घरी जाऊन तपासणीचं रक्त गोळा करते. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बाटल्यांची पेटी बांधलेली असते. अंगात जाड जाकीट, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट. सगळं होतं, पण हनुवटीखालचा पट्टा मात्र मोकळा लोंबत होता.

"अगं, पट्टा लाव."

"आजी, दर दारात लाव-सोड करत बसू का मी?"

"पातेल्यावरचं झाकण आहे का ते, नुसतं ठेवलं की झालं?"

ती हसली आणि गेली. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की फाटकापाशीच गाडी दिसेनाशी झाली. तो लोंबणारा पट्टा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून सांगते.

दुपार व्हायच्या आत दवाखान्यातून निरोप आला. उभ्या ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर गाडी आदळली होती. मी पोचले तेव्हा ती बेशुद्ध होती आणि पायाला प्लास्टर घालत होते. जाकिटाचं कोपर पार घासून आतला कापूस बाहेर आला होता, पण खाली कातडीवर ओरखडा नाही. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर हेल्मेट घेऊन आला. एक बाजू चिरलेली, खडबडीत.

"डोकं वाचलं ते यानं," तो म्हणाला. "पट्टा असा करकचून बसवला होता, की सोडवताना माझी बोटं दुखली. पोरगी शिस्तीची आहे हो तुमची."

मी हेल्मेट उलटं करून पट्टा चाचपला.

तेवढ्यात नर्सनं जाकीट माझ्या हातात दिलं. कॉलर मागून रक्तानं चिकट झालेली.

"डोक्याला, मानेला जखम नाही हिच्या," ती पुटपुटली. "पेटीतली एकही बाटली फुटली नाही म्हणतात. मग हे कुठलं?"

दिवेलागणीला नातीनं डोळे उघडले. फिनेलचा वास, कोपऱ्यातल्या नळाची टपटप, बाकी सगळं गप्प.

"आजी... मागे बसला होता, त्याला फार लागलं का?"

"कोण गं? तू एकटी होतीस. मागे पेटी होती, माणूस बसेल कुठे?"

"नाही... धुक्यात गाडी एकदम जड झाली. मागून दोन हात आले. गार होते गं. पट्टा ओढला... बकल लावलं. मग डोक्यावर दोनदा... टक, टक. आणि समोर ट्रक."

मी पलंगाचा गज धरला.

हिचा बाप, माझा मुलगा, असंच करायचा. ही बोलायलाही शिकली नव्हती, तेव्हा तिला गाडीवर पुढे बसवायचा, स्वतःचं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवायचा, पट्टा आवळायचा आणि वरून बोटानं दोनदा वाजवून म्हणायचा, "कुलूप लागलं!" स्वतः मात्र बोडक्या डोक्यानं. 'मला काय होतंय,' म्हणायचा. तसाच बोडक्या डोक्यानं अपघातात गेला. ते टकटक मी हिला कधी सांगितलं नव्हतं. सांगवलंच नाही.

"त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं, आजी," ती कुजबुजली. "माझ्या मानेवर सारखं काहीतरी गळत होतं... गरम."

आता ती घरी आहे, अजून अंथरुणातच. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून नवीन आणून ठेवलंय. जुनं टाकवेना. दारामागच्या खुंटीला अडकवलंय. झोपण्याआधी मी त्याचा पट्टा सोडून ठेवते. सकाळी पाहावं, तर बकल लावलेलं. पहिल्यांदा वाटलं, नात चेष्टा करते. पण प्लास्टरचा पाय घेऊन ती उठणार कशी?

आज सकाळी मी धीर करून ते खाली काढलं आणि आत हात घातला.

आतली गादी गरम होती. कुणीतरी नुकतंच डोक्यावरून उतरवल्यासारखी.