गुरांच्या डॉक्टरची जीप

संघपाल आमच्या जठारपेठेतल्या गॅरेजात आला तो नुसता टायरात हवा भरायला. हवा भरून त्यानं जीप मागे घेतली आणि खालून आवाज आला – कट्. मी हातातला पाना ठेवला.

"थांबा. पुन्हा मागे घ्या."

"कावून?"

"घ्या तर."

कट्. मी सरळ जीपखाली शिरले. चाकांना जोर पोचवणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, धरून पिळला. खुळखुळाच झाला होता बाप्पा!

"आतले दात झिजले. अख्खा शाफ्ट बदलावा लागते."

"मी गुरांचा डॉक्टर आहो. उद्या सकाळी लसी घेऊन मेळघाटात जायचंय... तुमी मले भेव दाखवून राहिल्या का?" तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते. पाहिली मी, खोटं कशाला बोलू.

"घाटात तुटला तर लसी बी खाली आन् तुमी बी." किल्ली मी खिशात टाकली.

महिन्यापूर्वीच बाबांनी गॅरेज माझ्या हाती दिलं होतं. अट एकच – दिवाळीपर्यंत एक जरी काम बिघडलं, तर गॅरेज भाड्यानं देणार.

नवा शाफ्ट दोन भागांचा, एकात एक सरकवायचा. दोन्ही टोकांना सांधा धरणारे दोन-दोन कान असतात; ते एका रेषेत आले पाहिजेत, नाहीतर गाडी थरथरते, हे मी झोपेतही सांगीन. पण हा डॉक्टर बॅटरीचा उजेड धरून माझ्या शेजारी आडवा झाला... पांढऱ्या शर्टाची फिकीर न करता.

"सगळ्यायले असंच रागावता का?"

"ज्यायच्या गाड्या खुळखुळतात, त्यायलेच."

"मंग आवाजवालीच गाडी ठेवतो."

मी हसले, शाफ्ट सरकवला, बोल्ट कसले.

जीप तपासायला दोघं अकोट रोडवर निघालो. चाळीसच्या वर गेलो आणि सीट थरथरायला लागली. कान तिरपे बसले होते.

मी त्याला बाबांची अट सांगितली. ती ऐकून तो हळूच म्हणाला, "इथंच कुठंतरी खोलून घ्या न. बाबायले काय मालूम पडते?"

"मले तर मालूम आहे."

गॅरेजात बाबा दारातच बसले होते. मी जीप पुन्हा जॅकवर चढवली. "बाबा, चूक झाली. कान तिरपे बसले."

"तुयाच्यानं? कावून?"

मी खरं तेच बोलले. "ध्यान शाफ्टवर नव्हतं... यायच्यावर होतं."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"खोल आन् पुन्हा बसव," ते म्हणाले. "डॉक्टर, तुमी तिकडं बसा. दूर."

या वेळी जीप साठवर गेली तरी थरथर नाही. बाबा म्हणाले, "गॅरेज तुयंच. चूक लपोली असती, तर भाड्यानं देऊन टाकलं असतं."

संघपालनं जीप सुरू केली. पण गेला नाही.

"काका, उद्या संध्याकाळी येतो."

"कावून? गाडी तर झाली."

"हाव. गाडीचं काहीच काम नाही."

बाबा समोरच उभे होते. तरी मी त्याच्याकडे बघून म्हणाले, "या. मी वाट पायते."