खोलीची शांतता

जुन्या हुबळीत बोळाच्या टोकाला यशवंताचा स्टुडिओ होता. स्टुडिओ हे गिऱ्हाइकांसमोर म्हणायचं. खरं तर भिंतींना कापसाच्या गाद्या टांगलेली ती एक खोली. भर दुपारीही आत अंधार, कुबट कापसाचा वास, आणि आपलाच श्वास मोठा वाटावा इतकी शांतता. संध्याकाळी शाळेच्या मुली प्रार्थना गायला येणार होत्या आणि कॉम्प्युटर पुन्हा तोतरं बोलायला लागला होता.

दुखणं जुनंच होतं. आवाज घेणारं साउंड कार्ड आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम एकाच वाटेनं कॉम्प्युटरला हाक मारत. मोडेमची हाक आधी पोचली की साउंड कार्ड ताटकळत बसे. तेवढ्या वेळापुरता आवाज साठवायला बफर असतो, नळाला पाणी नसताना घरात भरलेल्या हंड्यासारखा. हंडा रिता झाला की शेवटचा घोटच पुन्हा पुन्हा ऐकू येई.

याच तोतरेपणानं अंबूमावशीचं गाणं नासलं होतं. यशवंताला लहानाचा मोठा करणारी ही मावशी आयुष्यात एकदाच माइकपुढे बसली, आणि रेकॉर्डिंगआधी मोडेम काढायचा यशवंतच विसरला, असं भागीदार अप्पाजी म्हणाला. यशवंतानंही ते खरं मानलं. मावशीची समजूत काढायला अप्पाजीच धावला. तरी मावशीनं जो अबोला धरला तो मरेपर्यंत सोडला नाही. पुढे अप्पाजीही गेला. त्याचे उपकार स्मरून यशवंत रोज त्याच्या फोटोला हार घालत होता.

मोडेम तर आता काढूनच ठेवलेला होता. तरी तोतरेपणा जाईना, म्हणून त्यानं बफर वाढवला. गाण्याआधी रिकाम्या खोलीची शांतता थोडी रेकॉर्ड करून ऐकायची, हा अप्पाजीचा शिरस्ता. तोही त्यानं पाळला आणि कानाला हेडफोन लावले.

"अक्का, कसं सांगू तुम्हाला… यशवंतानं मुद्दामच बिघडवलं बघा…"

अप्पाजीचा आवाज होता. मावशीला तो अक्का म्हणायचा. बफर वाढला की जरा मागचा आवाज येतो, हे त्याला ठाऊक होतं. पण इतका मागचा? त्यानं बफर आणखी वाढवला आणि पुन्हा रिकामी खोली रेकॉर्ड केली.

"अय्यो… मोडेम माझ्याकडूनच राहिला की काढायचा… आता अक्काला काय सांगू…"

यशवंतानं हेडफोन काढून टेबलावर आपटले. चूक झाली होती तर सांगायची होती. दोघांनी मिळून मावशीचे पाय धरले असते. ज्याला भाऊ मानलं त्यानं आपली चूक यशवंताच्या गळ्यात बांधली, वर मावशीचं मन त्याच्याविरुद्ध फिरवलं. त्यानं फोटोवरचा हार ओढून काढला. रडू आलं ते संतापाचं होतं.

मग हे बंद करावं म्हणून त्यानं बफर होता होईल तेवढा लहान केला. लहान बफरमधून फक्त आत्ताचा आवाज येतो. खबरदारी म्हणून माइकची वायरही उपटली.

आवाज आत आला की हलणारी पडद्यावरची हिरवी पट्टी वर चढली. टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक, थकलेला आवाज आला.

"यशवंता… तू खरंच बिघडवलंस का रे?"

जिवंतपणी मावशीनं हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यानं वायर पुन्हा खुपसली आणि माइकला तोंड लावलं.

"नाही, मावशी… मी नाही…"

पट्टी हलली नाही. तो मोठ्यानं म्हणाला, मग घसा फाटेपर्यंत ओरडला. पट्टी तळाशीच पडून राहिली.

"का रे… का रे… का रे…" हेडफोनमधून येत राहिलं, आणि दर वेळी तेवढ्यापुरती पट्टी वर चढत राहिली.