डावीकडे वळणारं विमान

“अरे, सरळ! सरळ जा ना!” सरदार सोफ्यावर उभा राहून किंचाळला. पडद्यावरचं विमान मात्र डावीकडे वळलं आणि धाडकन डोंगरावर आपटलं!

सरदारनं रागानं आतेबहिणीकडे, सगळ्यांच्या लाडक्या ‘खारी’कडे पाहिलं. “तूच बिघडवलास हा कंट्रोलर!”

“मी? मी हातसुद्धा लावला नाही!”

“काल कोण म्हणालं, ‘मोडू दे तुझं ते खेळणं’?”

म्हणाली तर होती खार. सुट्टीला मामाकडे आली, ह्या मामेभावाचा, सरदारचा, नवा गेम पाहिला आणि तिचा नुसता जळफळाट झाला! कंट्रोलर कसला, मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळाच तो! ना बटण, ना दांडी. दोन्ही हातांत धरून दाबला की विमान उंच जायचं, कलवला की वळायचं. ढगात शिरलं की गोळा ओंजळीतल्या पिल्लासारखा थरथरायचा. सरदारनं उपकार केल्यासारखा एकदाच धरू दिला होता तिला. ती थरथर अजून तळहातांतून जात नव्हती. आणि तिच्या घरचा कंट्रोलर? त्याचं रुतलेलं बटण चमच्यानं उचकटावं लागायचं! सगळं सगळं ह्यालाच कसं मिळतं?

“सुट्टी संपेपर्यंत तू ह्याला शिवायचं नाहीस!” सरदारनं फर्मान काढलं.

“पण ताई माझ्याजवळच होती रे,” त्याची धाकटी बहीण पुटपुटली. सतत कुणाच्या तरी मागेमागे फिरायची, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणत.

“तू चूप गं!”

खारीचे डोळे भरून आले. पण ह्याच्यासमोर रडायचं? मुळीच नाही! तिनं हात पाठीमागे बांधले आणि वाकून गोळा चक्क हुंगला.

“लवंगेचं तेल!”

सरदारनंही नाक लावलं. त्याचे बाबा दातांचे डॉक्टर, दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. त्यांच्या बोटांना हा वास कायमचा.

“बाबा? छे! ते तर म्हणतात, गेम म्हणजे वेळेचा सत्यानाश!”

“बरं, ह्याला सरळ म्हणजे काय ते कळतं कसं?”

“टेबलावर सपाट ठेवून शिकवायचं. मग तो ते लक्षात ठेवतो.”

“आणि कुणी आडवं पडून शिकवलं तर?”

सरदारनं गोळा आडवा धरून पाहिला. “मग त्याला आडवंच सरळ वाटणार!”

दुपारी तिघांनी “आम्ही बागेत चाललो!” अशी आरोळी ठोकली आणि मागच्या दारानं परत येऊन सोफ्यामागे दडी मारली. थोड्याच वेळात मामा चोरपावलांनी आले, दार लोटलं, सोफ्यावर कुशीवर पडले आणि गोळा कुरवाळत म्हणाले, “हे सरळ, बरं का सोन्या!”

सरदारनं तोंडावर हात दाबला. खारीनं खूण करताच शेपूट रांगत सटकली. दवाखान्यात मामी एका गाल सुजलेल्या गृहस्थांना सांगत होती, “डॉक्टर जेवताहेत, बसा हं.”

इकडे मामांचं विमान उडू लागताच खारीनं मामीचा हुबेहूब आवाज काढला, “अहो, पेशंट पाठवू का आत?”

“पाच मिनिटं गं! एवढा डोंगर ओलांडतो!”

“अगंबाई! जेवण डोंगरावर चाललंय का?”

हा आवाज खरा होता! दारात मामी, तिच्या पदराला धरून शेपूट आणि मागे ते गृहस्थ. गाल धरून ते कळवळले, “हसवू नका हो, ठणकतंय!”

मामा तडक दवाखान्यात पळाले. दात काढून परतल्यावर त्यांनी खारीच्या डोक्यावर हात ठेवला. “भाची आहे की गुप्तहेर! सपशेल हरलो बुवा.”

“नाक आणि डोकं, दोन्ही तल्लख आहेत पोरीची,” मामी कौतुकानं म्हणाली. “आणि डॉक्टरसाहेब, ह्यापुढे तुमची पाळी शेवटी. तीही पेशंट संपल्यावर!”

सरदारनं मान खाली घालून गोळा खारीपुढे धरला. “चुकलं माझं. घे.”

खारीनं गोळा टेबलावर ठेवला, नीट शिकवला. विमान डोंगरावरून सरळ ढगात शिरलं आणि तिची ओंजळ थरथरली! शेजारी सरदार ह्या पायावरून त्या पायावर नाचत होता. नजर हटेना त्याची गोळ्यावरून. ती नजर खारीच्या चांगलीच ओळखीची होती. आल्या दिवसापासून ती तिच्याच डोळ्यांत होती की! जळू दे जरा, असं वाटून तिला गुदगुल्या झाल्या.

एक आख्खा ढग तिनं एकटीनंच पार केला. मग सरकून जागा केली.

“ये, एका बाजूनं तू धर. आणि आडवा पडू नकोस हं!”